सह्यांवर उभा राहिलेला खडक

(विदर्भाबाहेरचा विदर्भ : भाग ६)

मागच्या भागात आपण धंतोलीच्या रामकृष्ण मठापाशी थांबलो होतो. १९२८ साली सुरू झालेल्या या मठानं विवेकानंदांचं वाङ्मय मराठीत आणलं आणि ते विदर्भातल्या घराघरांत पोहोचवलं. आज तिथून थेट देशाच्या टोकाला जायचं आहे. कन्याकुमारीच्या समुद्रातलं विवेकानंद स्मारक ज्यांच्या चिकाटीनं झालं, ते एकनाथ रानडे आपल्याच भागातले. जन्म १९१४चा, अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचा, शिक्षण नागपुरात. फुटाळा आणि अंबाझरी हे तलावच ज्याचे समुद्र, त्या शहरात वाढलेल्या माणसानं पुढं कितीतरी वर्षं भरसमुद्रातल्या एका खडकापायी घालवली.

खडक किनाऱ्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर आत. त्याचं जुनं नाव श्रीपाद पारै. देवी कन्याकुमारीनं इथं एका पायावर तप केलं अशी श्रद्धा आहे आणि दगडावरची पावलासारखी तपकिरी खूण तिचीच मानतात. १८९२च्या डिसेंबरात विवेकानंद इथं आले. २५ ते २७ असे तीन दिवस ते खडकावर ध्यानाला बसले, आणि नावाड्याला द्यायला पैसे नव्हते म्हणून पोहत गेले, असं परंपरा सांगते. पोहण्याच्या गोष्टीवर अभ्यासकांचं एकमत नाही. पण सव्वा वर्षानं अमेरिकेतून गुरुबंधूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनीच भारताच्या त्या शेवटच्या दगडाचा उल्लेख केला आहे. देशातल्या गरिबांसाठी संन्याशांनी काय करावं, हा विचार तिथं सुचल्याचं ते सांगतात. मला पोहण्यापेक्षा हे पत्र महत्त्वाचं वाटतं.

१९६३ हे विवेकानंदांचं जन्मशताब्दी वर्ष. खडकावर स्मारक करायचं ठरलं आणि केरळचे नायर समाजाचे नेते मन्नत्तु पद्मनाभन समितीचे अध्यक्ष झाले. तमिळनाडूतल्या जागेसाठी केरळचा अध्यक्ष कसा, असं वाटेल. पण कन्याकुमारी १९५६पर्यंत त्रावणकोर-कोचीनमध्येच होती. जानेवारीत खडकावर शिलालेख बसला. किनाऱ्यावरचे मच्छीमार बहुतेक कॅथलिक. त्यांच्या लेखी हा खडक संत झेवियरचा. त्यांनी तिथं क्रूस उभारला होता. ताण वाढत गेला, बंदोबस्त लागला आणि मे महिन्यात तो शिलालेख कोणीतरी फोडून समुद्रात टाकला. स्मारकाच्या गौरवकथांमध्ये मच्छीमारांकडे नुसतं अडथळा म्हणून बघितलं जातं, ते मला पटत नाही. रोज त्याच पाण्यात होड्या घालणाऱ्यांना त्या खडकाबद्दल काही वाटणारच.

या टप्प्यावर रानडे आले. संघाचे माजी सरकार्यवाह, हिशेबाला पक्के. मद्रासचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम परवानगी द्यायला तयार नव्हते. केंद्रीय मंत्री हुमायून कबीर म्हणत होते की स्मारकानं खडकाचं नैसर्गिक सौंदर्य जाईल. कबीर बंगालचे! रानडे कलकत्त्याला गेले आणि बंगालच्या सुपुत्राच्या स्मारकाला बंगालचाच मंत्री आडवा येतो, हे त्यांनी वर्तमानपत्रांच्या कानावर घातलं. कबीर नरमले. मग लालबहादूर शास्त्रींच्या सल्ल्यावरून रानड्यांनी दिल्लीत मुक्काम ठोकला आणि तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या गोळा केल्या. काँग्रेस, कम्युनिस्ट, द्रमुक, कोणी सुटलं नाही. संघाचा माणूस कम्युनिस्टांच्या दारात सहीचा कागद घेऊन उभा आहे, हे दृश्य आज डोळ्यांसमोर आणून बघा. तो कागद नेहरूंपर्यंत गेला आणि मद्रासचा नकार वितळला.

तरी भक्तवत्सलम यांचा होकार होता तो १५ फूट बाय १५ फुटांच्या देवळीला. रानड्यांनी वाद घातला नाही. भक्तवत्सलम कांचीच्या परमाचार्यांना मानतात हे त्यांनी हेरलं आणि नकाशा आधी कांचीला नेला. परमाचार्यांना पसंत पडलेला मंडप १३० फूट लांब आणि ५६ फूट रुंद होता. त्यावर मुख्यमंत्री काही बोलले नाहीत.

६ नोव्हेंबर १९६४ला काम सुरू झालं. स्थपती एस. के. आचारी. दगड किनाऱ्यावर घडवायचे, मग पाण्यातून न्यायचे. म्हणून आधी दोन्ही बाजूंना धक्के बांधावे लागले. खर्च सव्वा कोटीच्या वर गेला. राज्य सरकारांनी हातभार लावला, पण खरी शक्कल एक रुपयाच्या पावतीची. सुमारे तीस लाख लोकांनी एक, दोन, पाच रुपये दिले. २ सप्टेंबर १९७०ला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींनी उद्घाटन केलं. आत विवेकानंदांचा ब्राँझचा पुतळा असा उभा केला आहे की त्यांची नजर समोरच्या श्रीपाद मंडपावर पडते.

शेजारच्या लहान खडकावर १ जानेवारी २०००ला तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा आला. त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाचे अध्याय १३३, म्हणून उंची तेवढी. चौथरा ३८ फुटांचा, कारण धर्मावरचे अध्याय ३८. गणपती स्थपतींचं हे काम २००४च्या सुनामीतही हललं नाही. पण पुतळ्यापाशी पाणी उथळ, खडकाळ; ओहोटीला बोट लागेना. स्मारक बघून झालेले लोक पुतळ्याकडे लांबूनच हात जोडून परत फिरत.

त्यावर उपाय म्हणून ३० डिसेंबर २०२४ला मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी दोन खडकांमधला काचेचा पूल खुला केला. लांबी ७७ मीटर, रुंदी १० मीटर, खर्च ३७ कोटी. पायाखाली काच आणि काचेखाली फेसाळणारं पाणी. धीट मंडळी वाकून बघतात, बाकीचे कडेनं चालतात. रुपया-रुपयानं उभं राहिलेलं स्मारक आणि सरकारनं उभा केलेला पुतळा आता एकमेकांना पायवाटेनं जोडले गेले. किनाऱ्यापासून खडकापर्यंत मात्र पूल नाही. तिथं पूंपुहार महामंडळाची बोटच धरावी लागते. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, तेव्हा नागपूरहून जाणाऱ्यांनी हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवावा.

(पुढील आठवड्यात : १९७२चं विवेकानंद केंद्र आणि ईशान्येतल्या शाळा)