वायुमापकाची कसोटी

वाण्याच्या तराजूवर वजन-मापे खात्याचा शिक्का दिसला, म्हणजे गिऱ्हाईक निर्धास्त होते. प्रमाणित वजनाशी ताडून पाहिल्यावाचून तराजूचा खरेखोटेपणा कळत नाही. वायू मोजणाऱ्या यंत्रांनाही हाच न्याय लागू आहे. अशा ताडून पाहण्याला शास्त्रीय भाषेत 'अंशशोधन' म्हणतात.

अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांच्या यंत्राने मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे मापन सुरू केले. तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे ३१३ भाग आढळले. हा वायू अवरक्त किरण शोषून घेतो. शोषणावरून यंत्र त्याचे प्रमाण दाखविते. परंतु किरणांचे तेज व उष्णतामान यांत थोडाही फरक पडला, की यंत्राचा आकडा नकळत सरकतो. त्या काळी वायूची वार्षिक वाढ दहा लक्षांत एका भागाहूनही कमी होती. यंत्रच तेवढे ढळले असते, तर ही वाढ हवेतील की यंत्रातील, हे ओळखता आले नसते.

कीलिंग यांचा उपाय साधा, पण कष्टाचा होता. ज्यांतील वायूचे प्रमाण ठाऊक आहे अशी नळकांडी वेधशाळेत ठेवून, त्यांतील वायू व बाहेरची हवा यंत्रात आळीपाळीने सोडीत. नळकांड्यांची परीक्षा कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत होई. तेथे ठराविक नमुन्यातील कार्बन डायऑक्साइड गोठवून वेगळा काढीत व त्याचा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीवरून मोजीत. अशा रीतीने अखेरचा निवाडा लांबी, घनफळ व उष्णतामान या मूलभूत मापांवर होई.

एवढी दक्षता घेऊनही एक चूक राहिलीच. प्रारंभीच्या नळकांड्यांत कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनात मिसळलेला होता. तेवढाच वायू हवेत मिसळला, तर यंत्र निराळा आकडा दाखविते, हे पुढे ध्यानी आले. नोंदी जपलेल्या असल्यामुळे जुने आकडे दुरुस्त करता आले.

गोव्यातील काबो द रामा येथे १९९३ पासून कुप्यांत भरून घेतलेली हवा ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत तपासली गेली. प्रयोगशाळांची प्रमाणे परस्परांशी ताडलेली असतात, म्हणूनच गोव्याचा आकडा मौना लोआच्या आकड्याशेजारी मांडता येतो. २०२४ मध्ये मौना लोआ येथील वार्षिक सरासरी ४२० भागांच्या वर होती. वाढलेले हे शंभराहून अधिक भाग हवेतीलच आहेत, असे निश्चयाने म्हणता येते ते या नळकांड्यांच्या आधारावर.