‘ईएक्सई’ फाईल ३२-बिट, ६४-बिट की एआरएम? न चालवताच असं ओळखा!

नवा लॅपटॉप घेतला, जुन्या पेनड्राईव्हमधल्या सेटअपवर डबल क्लिक केलं आणि संदेश आला की हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. बऱ्याचदा दोष फाईलचाही नसतो आणि लॅपटॉपचाही. दोघांचं जमत नाही, एवढंच!

प्रत्येक प्रोग्राम ठरावीक प्रोसेसरच्या भाषेत तयार केलेला असतो. विंडोजमध्ये सध्या मुख्यतः तीन भाषा दिसतात: इंटेल-एएमडीची ३२-बिट, त्यांचीच ६४-बिट आणि एआरएमची ६४-बिट. ६४-बिट विंडोज ३२-बिट प्रोग्राम चालवून घेते. उलट मात्र होत नाही. एआरएम लॅपटॉपवर विंडोज ११ इंटेलचे प्रोग्राम भाषांतर करून चालवते, पण ड्रायव्हर एआरएमचाच लागतो.

मग फाईल कोणत्या भाषेतली, हे कसं कळणार? नावावर भरवसा नको, ते कुणीही बदलू शकतं. खरं उत्तर फाईलच्या पोटात असतं आणि पायथॉनची छोटीशी स्क्रिप्ट ते वाचू शकते. तेही फाईल न चालवता!

स्क्रिप्ट काय करते?

१. पहिले दोन बाईट तपासते. तिथे ‘एमझेड’ ही अक्षरं असतात. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं!

२. शून्यापासून मोजत ६०व्या बाईटवर जाते. तिथल्या चार बाईटमध्ये पुढचा पत्ता असतो.

३. त्या पत्त्यावर ‘पीई’ ही अक्षरं आणि दोन शून्य बाईट सापडले, की लगेच पुढचे दोन बाईट वाचते.

हा आकडा ३३२ असेल तर ३२-बिट, ३४४०४ असेल तर ६४-बिट आणि ४३६२० असेल तर एआरएम. फक्त एक लक्षात घ्या, बाईट उलट क्रमाने साठवलेले असतात. समजा, १०० आणि १३४ मिळाले, तर १३४ ला २५६ ने गुणून त्यात १०० मिळवायचे. उत्तर ३४४०४!

कधी कधी हा आकडा चकवतोही. इन्स्टॉलर ३२-बिट असला तरी आतलं सॉफ्टवेअर ६४-बिट असू शकतं. डॉटनेटचे काही प्रोग्रामही ३३२ दाखवतात आणि ६४-बिटमध्ये चालतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, व्हॉट्सॲपवर आलेल्या अनोळखी फाईलचा आकडा जुळला म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. व्हायरसही ६४-बिट असतोच की!