व्हिसा आला, पण गाडी कुठल्या नाक्यातून घालणार?

लंडनला नोकरीला असलेला मुलगा ‘या वेळी गाडीनेच पुण्याला येतो’ म्हणाला, की कोथरूडच्या घरात काळजी सुरू होते ती पंक्चरची आणि जेवणाखाणाची. कागदांचा विषय ‘व्हिसे काय, ऑनलाइन मिळतात हल्ली’ एवढ्यावर मिटतो. गाडीने येता येतं, हे खरं. 2024 मध्ये विराजित मुंगळे लंडनहून निघून 16 देश ओलांडत 59 दिवसांत ठाण्याला पोहोचले. पण अशा बातम्यांत रस्ते दिसतात, अर्ज दिसत नाहीत.

ब्रिटनचा राहण्याचा परवाना असला की युरोप मोकळा, हा पहिला गैरसमज. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही, आणि मुक्काम कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपुरताच.

सगळ्यात फसवी समजूत इराणची. ‘भारतीयांना व्हिसा नको’ हा निरोप घरोघरच्या व्हॉट्सॲपवर फिरला. फेब्रुवारी 2024 मध्ये इराणने सवलत दिली होती, पण ती विमानाने येणाऱ्यांना, 15 दिवसांसाठी. तुर्कस्तानातून बाझरगानच्या नाक्यावर गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तिचा उपयोग शून्य. नोव्हेंबर 2025 मध्ये तीही स्थगित झाली. अझरबैजानची तऱ्हा याहून वेगळी: ई-व्हिसा मिळे, पण मार्च 2020 मध्ये बंद केलेल्या जमिनीवरच्या सीमा सरकार मुदतवाढ देत वर्षानुवर्षे बंदच ठेवत आलं. म्हणजे व्हिसा खरा, आणि गाडी तरीही बाहेरच. म्हणून देशांची यादी करण्याआधी नाक्यांची करावी.

नकाशावर सरळ दिसणारी वाट इराण, पाकिस्तान, वाघा. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून बसगाड्या याच बाजूने येत. आज अटारीचं नाकं एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर बंद आहे. त्याआधीही भारत-पाकिस्तान व्हिशावर शहरांची नावं ठरवून दिलेली असत, रस्ता आपला आपण निवडायची सोय नव्हतीच. पूर्वेकडून म्हणाल, तर भारूलता कांबळे 2016 मध्ये ब्रिटनहून गाडी चालवत म्यानमारमार्गे मणिपूरच्या मोरेला उतरल्या होत्या. 2021 च्या लष्करी उठावानंतर ती वाट धरवत नाही.

राहतो तो उत्तरेचा फेरा: रशिया, कझाकस्तान, चीन, तिबेट, नेपाळ. इथे लोक म्हणतात, चीनचा व्हिसा मिळाला की सुटलो. खरी कसरत तिथूनच सुरू होते. पुण्याच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना चीन मानत नाही. तात्पुरता चिनी परवाना, तात्पुरती नंबरप्लेट, तिबेटचा वेगळा परवाना, सगळं तिथल्या प्रवासी कंपनीमार्फत. शिवाय चिनी गाइड सोबत हवा, तोही बहुधा तुमच्याच गाडीत. मागची सीट तंबू-शेगडीने भरण्याआधी एका माणसाची जागा धरून ठेवा. मार्ग आणि तारखाही आधी ठरतात; सीमेवर दोन दिवस उशिरा पोहोचलात तर पुढचं सगळं नव्याने.

त्यामुळे माझ्या मते आखणी घरापासून नको, चीनच्या तारखेपासून उलटी करावी. कझाकस्तानात भारतीयांना व्हिसाशिवाय एका वेळी 14 दिवस मिळतात. रशियाच्या ई-व्हिशावर 30 दिवस, पण ठरावीक नाक्यांतूनच. शेंगेन आणि चीन या दोन्हींचा व्हिसा पासपोर्टवर चिकटतो, आणि पासपोर्ट एकच. तो एका ठिकाणी अडकला की दुसरा अर्ज थांबला. चीनचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा सहसा तीन महिन्यांत वापरावा लागतो, म्हणून तो फार आधी काढून ठेवणं ही हुशारी नव्हे. पासपोर्ट संपत आलाच असेल तर नूतनीकरणात 60 पानांचा मागा.

नेपाळात आपल्याला व्हिसा नाही, आणि भारत-नेपाळ सीमेवर सोनौलीला भारतीय माणसाला कोणी अडवत नाही. मुलाने ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल तर मात्र भारतात शिरायला ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा हवा. गाडीचं प्रकरण निराळं: तिला कार्नेट लागतं, म्हणजे सीमाशुल्काची हमी. त्यावर आलेली परदेशी गाडी सहा महिन्यांत देशाबाहेर न्यावी लागते, नाहीतर शुल्क भरा. तेव्हा मुलगा कायमचा परत येत असेल, तर गाडीच्या परतीच्या जहाजाचा खर्चही आधीच धरा.