लेन्स आणि नळाचं पाणी

कॉन्टॅक्ट लेन्समुळे होणारा अकँथअमिबाचा संसर्ग दुर्मीळ, पण झाला तर दृष्टीवरच बेततो. सुरुवातीला रात्रंदिवस तासातासाला थेंब, मग कित्येक महिने उपचार. म्हणून लेन्सला नळाचं पाणी लागू देऊ नये म्हणतात. त्यावर ‘पिण्याचं पाणी डोळ्याला का चालू नये?’ हा प्रश्न रास्त आहे. पण हा अमिबा दुहेरी कवचात दडून बसतो आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. पोटात गेला तर सहसा काही बिघडत नाही. लेन्सखाली किंचित खरचटलेल्या कॉर्नियात मात्र तो शिरतो. हात धुऊन न पुसताच बोटावर लेन्स घेतली, तरी तेवढा ओलावा त्याला पुरतो. पाण्याऐवजी लेन्सचं द्रावण वापरलं की झालं, असंही नाही. २००७ मध्ये अमेरिकेत अशाच संसर्गांनंतर एक द्रावण बाजारातून मागे घ्यावं लागलं. म्हणून हात कोरडे हवेत, आणि अंघोळीआधी, पोहण्याआधी लेन्स काढलेली हवी.