शिकंजा आवळण्याआधी

पावसाळ्यात अडकणारं सागवानी दार मे महिन्यात सैल होतं, कारण लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलं सागवान पुरतं सुकताना रुंदीत सुमारे ५ टक्क्यांपर्यंत आकसतं, लांबीत मात्र नगण्य. म्हणून आधी फळी सुकू द्या, मगच सांधा आखा.

गुण्या लावून पेन्सिलीऐवजी सुरीच्या टोकाने रेघ मारा. तंतू तिथेच कापले जातात, पटाशीला बसायला जागा मिळते. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवा.

शिकंज्याने फट बुजवू नये. त्याचं काम सरस सुकेपर्यंत सांधा धरून ठेवण्याचं. जास्त आवळलं तर सरस पिळून निघतो, चौकट वाकते. दोन्ही कर्ण मोजा; सारखे आले की काटकोन जुळला.