विस्कटलेल्या मराठी मजकुराची दुरुस्ती

संगणकाच्या आज्ञावलीने काढलेल्या अहवालात मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटलेली पुष्कळांनी पाहिली असेल. जपानी भाषेत अशा मजकुरास 'मोजिबाके' म्हणजे रूप पालटलेली अक्षरे म्हणतात. हे नाव समर्पक होय. कारण अशा वेळी अक्षरे बहुधा पालटलेली असतात, नष्ट झालेली नसतात. ती खरोखर नष्ट झाली आहेत काय, याचा निर्णय मात्र दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीच करावयास हवा. बोलीच्या शब्दसूचीसारख्या सामग्रीत तर त्यावरच सर्व अवलंबून असते. शब्द सांगणारा निवेदक पुन्हा भेटेलच असे नाही.

संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवितो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'म' हे अक्षर २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांनी लिहिले जाते. हेच अंक अहवालाची आज्ञावली विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय भाषांसाठी योजलेल्या पद्धतीने वाचू लागली, की तिला तीन निरनिराळी चिन्हे दिसतात : डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए', चलनाचे चिन्ह आणि वर्तुळातील 'आर'. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असल्यामुळे ते रेघेचे 'ए' पुन्हा पुन्हा येत राहते. ही खूण आढळल्यास आशेला जागा आहे. त्या चिन्हांचे विंडोज-१२५२ नुसार पुन्हा अंक करावेत आणि ते यूटीएफ-८ म्हणून वाचावेत.

परंतु येथे एक मेख आहे. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ व १५७ ही पाच स्थाने रिकामी आहेत. आणि ह्रस्व उकार, हलन्तचिन्ह, 'ए', 'ऐ' व 'झ' यांचे तिसरे बाइट अनुक्रमे नेमके तेथेच पडतात. कित्येक आज्ञावल्या असे बाइट गाळून टाकतात. मग उकार आणि हलन्त यांचे उरलेले दोन बाइट सारखेच असल्याने 'पुराण' आणि 'प्राण' यांत भेद उरत नाही. तेथे यंत्राचे काम संपते व वाक्य पाहून निर्णय करावा लागतो. सुट्या शब्दांच्या सूचीत तेही शक्य नसते. 'ठ' चा तिसरा बाइट १६०, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. नकल करताना तिची साधी मोकळी जागा होते आणि अक्षर मोडते. खुद्द 'मराठी' हा शब्दही या अपघातातून सुटत नाही!

अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग असेल तर गोष्ट निराळी. तेथे देवनागरीला जागाच नसलेल्या पद्धतीत रूपांतर होऊन बहुधा प्रत्येक चिन्हाऐवजी ६३ हा प्रश्नचिन्हाचा अंक साठविला गेलेला असतो. त्यातून काहीही परत मिळत नाही. मूळ विदेतून अहवाल नव्याने काढणे हाच उपाय. रिकाम्या चौकटी दिसल्या तर मात्र बहुधा केवळ फाँटची उणीव असते.

सीएसव्ही अहवाल एक्सेलमध्ये उघडताना हा घोटाळा विशेष आढळतो. फाइलीच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असल्यास एक्सेल ती यूटीएफ-८ म्हणून ओळखते. विस्कटलेली फाइल मात्र त्याच अवस्थेत पुन्हा साठवू नये. प्रयोग करावयाचे ते तिच्या प्रतीवर करावेत.