वार्धक्यातील खुब्याचे अस्थिभंग

वृद्ध व्यक्ती न्हाणीघरात घसरते अथवा रात्री अंधारात अडखळून पडते. पडणे साधेच असते. परंतु त्यानंतर जांघेत तीव्र वेदना होतात, पाय उचलता येत नाही आणि तो आखूड होऊन बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो. ही खुब्याच्या अस्थिभंगाची लक्षणे होत.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटिभागातील खोलगट वाटीत फिरते. डोक्याखालील अरुंद भागास ‘मान’ म्हणतात. मान जेथे हाडाच्या दांड्यास मिळते, तेथे एक मोठा व एक लहान असे दोन उंचवटे असतात. डोक्याचा बहुतांश रक्तपुरवठा मानेलगत वर जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून होतो. त्यामुळे हाड नेमके कोठे मोडले, यावरच उपचारांची दिशा ठरते.

मानेचा अस्थिभंग : हा सांध्याच्या आवरणाच्या आत होतो. हाड जागेवरून सरकले नसल्यास स्क्रू बसवून ते सांधता येते. सरकले असल्यास रक्तवाहिन्या तुटून डोके निर्जीव होण्याचा संभव असतो. म्हणून वृद्धांमध्ये बहुधा कृत्रिम डोके किंवा संपूर्ण कृत्रिम सांधा बसवितात.

उंचवट्यांमधील अस्थिभंग : येथे रक्तपुरवठा चांगला असल्याने हाड जुळून येते, मात्र ते वाकडे वा आखूड जुळू नये यासाठी स्क्रू व पट्टी किंवा हाडाच्या पोकळीत सळई बसवितात.

उंचवट्यांखालील अस्थिभंग : या भागावर मोठा ताण येत असल्याने प्रायः लांब सळईच वापरतात.

काही वेळा मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात आणि रुग्ण चार पावले चालूही शकतो. ‘मुका मार आहे’ असे समजून शेक देणे वा मालीश करणे अशा वेळी घातक ठरते. रुतलेले हाड सरकते आणि स्क्रूने भागणारे काम सांधा बदलण्यापर्यंत जाते. क्ष-किरण चित्रात दोष न दिसूनही वेदना टिकल्यास एमआरआय तपासणी करावी.

‘या वयात शस्त्रक्रिया कशाला?’ असा प्रश्न कुटुंबीय नेहमी विचारतात. वस्तुतः अधिक धोका अंथरुणास खिळण्यात आहे. न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायातील रक्ताच्या गुठळ्या वृद्धांच्या जिवावर बेततात. म्हणूनच प्रकृती अनुकूल असल्यास शस्त्रक्रिया शक्यतो २४ ते ४८ तासांत करून रुग्णास लवकरात लवकर उभे करणे हेच उपचारांचे उद्दिष्ट असते.

त्यानंतर हाडांच्या ठिसूळपणावर औषधोपचार, न्हाणीघरात आधाराचा दांडा आणि रात्री मंद दिवा, एवढी दक्षता घेतल्यास दुसऱ्या खुब्याचे रक्षण होण्यास मोठी मदत होते.